परतीचे डबे

देवाच्या कृपेवर मी आमच्या प्रार्थनाघरात कितीतरी वेळा बोललो आहे. उभा राहून, घसा साफ करून, डोळे मिटून. ऐकणारे आमेन म्हणत आणि मला वाटे, हा विषय आपल्याला चांगला जमतो. मग एका डिसेंबरात मी शिडीवरून पडलो. त्यानंतर खाटेवर आडवं पडून, ज्या विषयावर इतकी वर्षं बोलत होतो त्याची चव घ्यावी लागली. ती चव मला सुरुवातीला अजिबात आवडली नाही, हे आधीच कबूल करतो. कबूल करणं हा माझा स्वभावच आहे. बायको म्हणते, "तुमी डास मारला तरी त्याच्या मायची माफी मांगता."

पडलो कसा, ते सांगतो. आम्ही आमगावात राहतो. पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधून देण्याचं माझं दुकान आहे. मोटार खोलायची, जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, ते आमचं. नाताळ जवळ आला की घरावर उंच बांबू उभारून आम्ही त्याला कागदाची मोठी चांदणी लावतो, आत दिवा सोडतो. मागच्या नाताळात प्रार्थनाघराच्या मंडळीतलं कोणीतरी सहज म्हणालं, रुळांपलीकडच्या दुसऱ्या विश्वासी भावाची चांदणी गाडीत बसल्या बसल्या दिसते. मी मोठ्यानं "प्रभूची स्तुती असो" म्हणालो आणि मनात बांबू केवढा लागेल याचा हिशेब करू लागलो. वर्षभर तो हिशेब मनात होता. प्रार्थनेतही होता.

शिडी शेजारच्या भाऊंची. हे भाऊ रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. घर बौद्ध, माणूस तोंडाचा फटकळ आणि खांद्यानं बैलासारखा. त्यांनी शिडी दिली, वर धरायलाही आले.

"आता आनखी किती वर?" भाऊ खालून ओरडले.

"थोडंच. गाडीतून दिसली पाहिजे."

"गाडीतून? अवो, आमगाव आलं का लोक आपली थैली पायतात, चप्पल पायतात. तुमचा तारा कोन पायते?"

मी आणखी एक पायरी चढलो. बांबू हलला, शिडी हलली, मी हललो. थोडा भाऊंवर पडलो आणि बाकीचा सरपणाच्या ढिगावर. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. चांदणीला काही झालं नाही. ती वरच राहिली, जरा तिरपी. भाऊ माझ्याखालून निघाले, पाठ झटकली आणि म्हणाले, "तारा तुमचा, शिडी माही, अन् पडाले बी मीच सापडलो का तुमाले?"

गोंदियाला नेलं. ऑपरेशन झालं, हाडात सळी टाकली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "संक्रांत तक पैर जमीन पर नहीं रखना." मी विचारलं, "और क्रिसमस?" ते म्हणाले, "क्रिसमस लेट के मनाओ."

डॉक्टरांना आमच्या गल्लीची रीत माहीत नव्हती. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर सगळ्याच घरांत पाळतात. आमच्या गल्लीत त्याला सणांची जोड मिळाली आहे. दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाचे डबे येतात. आम्ही ते लगेच परत करत नाही. धुऊन पुसून फळीवर ठेवतो. तिथे ते नाताळची वाट पाहत बसतात. नाताळात बायको करंज्या, शेव, अनारसे करते आणि तेच डबे भरून ज्याच्या त्याच्या घरी जातात. ही रीत कोणी ठरवली नाही, पण कधी मोडलीही नाही. डिसेंबर लागला की गल्लीतल्या बाया बायकोला हाका मारून विचारतात, "काऊन वो, कढई निंगाली का?"

मला त्या डब्यांचा फार अभिमान होता. मी तसं बोलत नसे, पण मनात पक्कं होतं की गल्लीतल्या लोकांना आमचा प्रभू कळतो तो या डब्यांतून. मी कधी कोणाला उपदेश करायला गेलो नाही, माझी करंजी जात होती. ती खुसखुशीत निघाली की मला वाटे, प्रभूचं नाव राहिलं. करंज्या करत होती बायको, हा भाग माझ्या विचारांत तेव्हा फारसा नसे.

आता मी खाटेवर. बायको अंगणवाडीत सेविका. सकाळी माझं सगळं करून ती तिकडे जाई, दुपारी येऊन पुन्हा माझं करी. फराळाला हात रिकामे कुठले? आणि फळीवर दिवाळीचे डबे ओळीनं बसलेले, थेट माझ्या नजरेसमोर. खाट दुसरीकडे फिरवून द्या म्हणालो तर भाऊ म्हणाले, "तिकडून संडास लांब पडते."

त्यात नवे डबे येऊ लागले. पाय मोडल्याची बातमी मंडळीच्या ग्रुपवर गेली, तिथून हात जोडलेली चित्रं ढिगानं आली. पण गल्लीतून आले ते डबे. भाऊंच्या घरून पायासूप आलं, हाडं लवकर जुळावी म्हणून. समोरच्या पोवारांच्या काकींकडून कोचईची, म्हणजे अळूच्या कंदांची, भाजी आणि भात आला. कोणी जवसाची चटणी दिली, कोणी दूध. आलेलं आम्ही खायचो, डबा धुवायचा आणि फळीवर चढवायचा, कारण परत करताना त्यात घालायला काही नव्हतं. फळी भरली. मग डबे खिडकीत बसले, मग शिलाई मशीनवर. आमच्या घरात भांड्यांचं दुकान उघडलं असं वाटू लागलं. आपल्या जेवणाला भांडी कमी आणि लोकांची जास्त.

"चिमूटभर साखर टाकून देऊन देतो ना," बायको म्हणाली. "सगळेच देतेत."

"पायासूपाच्या बदल्यात साखर?" मी म्हणालो. "शोभत नाही. नाताळ आहे. आपण ख्रिस्ती आहोत."

तिनं माझी उशी सरळ केली, जरा जोरातच.

डब्यांचं ओझं एक होतं, भाऊंचं दुसरं. रोज सकाळी ते येत, मला पोत्यासारखं उचलत आणि संडासात नेऊन बसवत. मग बाहेर उभे राहून गल्लीतल्या लोकांशी पीकपाण्याच्या गप्पा करत. मी आतून ऐकत असे आणि लाजेनं अर्धा होत असे. या माणसाला मी काय परत करणार? हे कोणत्या डब्यात भरून द्यायचं? म्हणून मी रोज माफी मागायचो. उचलताना एकदा, ठेवताना एकदा.

शेवटी भाऊ वैतागले. "रोज रोज कायची माफी मांगून राह्यले? पाप का माह्या घरी केलं?"

"नाही, पण तुम्हाला त्रास..."

"त्रास होऊनच राह्यला ना! तुमी वजनानं भारी हाव. पन माफी मांगल्यानं वजन कमी होते का? चूप बसा. तेवढेच हलके लागता."

मग मला वाटलं, पाय मोडला तरी हात शाबूत आहेत. काकींचा मिक्सर बंद पडला होता. मी निरोप पाठवला, आणा इकडे, मी खाटेवरच बांधून देतो. काकींनी नको नको म्हटलं, पण मी हट्टाला पेटलो. दुकानातून हत्यारं मागवली, गोधडीवर तांब्याची तार उलगडली आणि मिक्सरचं पोट उघडून बसलो. बायकोला त्यानंतर कितीतरी दिवस चादरीत तारेचे तुकडे सापडत होते. पण त्या दुपारी मी फार दिवसांनी सुखात होतो. एक डबा तरी फिटणार होता. काम संपवताना मी प्रार्थनाही केली.

मोटारी बांधणाऱ्या माणसानं आयुष्यात जी चूक करू नये ती मी केली. दोन वायरी अदलाबदल जोडल्या. पाण्याची मोटार अशी उलटी फिरली तर पाणी नीट चढत नाही, ते लगेच कळतं आणि वायर बदलता येते. मिक्सर उलटा फिरला तर काय होतं, ते मला काकींनी येऊन सांगितलं. सांगायची तशी गरज नव्हती. टमाटरची चटणी त्यांच्या केसांत होती, चष्म्यावर होती, पदरावर होती.

"बाबू," त्या दारातूनच म्हणाल्या, "तू मिक्सर दुरुस्त केलास का मले मारासाठी बसवलास? भांडं उडून छताले लागलं ना!"

"काकी, माफ करा. मी पापी माणूस..."

"पापी नाई, येडा हायेस! तुले मी म्हटलं होतं का दुरुस्त कर? भाजी देल्ली होती, खाऊन पडून राहाचं होतं." मग माझ्या पायाकडे पाहून त्या जरा नरम झाल्या. "जेवलास का?"

बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. भिंतीआडूनही मला ते कळत होतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळीचे पाळकसाहेब गोंदियाहून गाडीनं मला भेटायला आले. मी वाटच पाहत होतो. ते बसले न बसले तोच मी चांदणीची गोष्ट काढली. स्तुतीच्या नावाखाली मला दुसऱ्या भावाची बरोबरी करायची होती, मनात गर्व होता, म्हणून देवानं मला शिडीवरून खाली घेतलं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. "भाऊ, हे तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं."

"हो."

"दवाखान्यातही सांगितलं. बेशुद्धीच्या इंजेक्शनच्या आधी, स्ट्रेचरवरून."

"हो, पण..."

"देवानं पहिल्या वेळी ऐकलं असेल. आता मलाच कंटाळा येऊन राहिला आहे."

तेवढ्यात बायकोनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यात काकींच्या घरची भाजी होती, त्याच सकाळी आलेली. काकींचा डबा पुन्हा आला होता, मिक्सरचं सगळं होऊनही. पाळकसाहेब मन लावून जेवू लागले, बोटं चाटून. कोणाची भाजी आहे, परत काय द्यायचं, काही नाही. दुसऱ्यांदा मागून घेतली. मला त्यांचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं.

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही का जेवत नाही?"

"ते अर्धंच खातेत," बायको आतून म्हणाली. तिला हे कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. "लोकायच्या डब्यातलं असलं का अर्धं. बाकीचं मले वाढतेत, म्हणतेत भूक नाई. म्हंजे कमी खाल्लं का कमी देनं लागते."

मी खाली पाहिलं. खरं होतं. पाळकसाहेबांनी घास खाली ठेवला. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे तुम्ही उपाशी, ह्या थकलेल्या आणि स्वयंपाक करून पाठवणारी माणसं नाराज. यातून प्रभूला काय मिळालं, मला जरा समजावून सांगा."

 जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अगदी छोटी. पाय बरा कर आणि याला भूक लाव, एवढीच. मी मोठ्या प्रार्थनेची आशा केली होती.

नाताळच्या सकाळी बायको एकटी उपासनेला गेली. भाऊ माझ्याजवळ बसून राहिले. मोबाईलवर मंडळीतल्या गाण्यांचा आवाज येत होता. मी खाटेवरून गात होतो आणि भाऊ टाळीवर ठेका धरत होते, बहुतेक चुकीचा. गाताना माझे डोळे फळीवर होते. आज सगळी गल्ली वाट पाहणार. संध्याकाळपर्यंत एकही डबा गेला नाही की लोक म्हणतील, एक पाय मोडला तर यांचा देवही बसला.

दुपारी ती आली, पदर खोचला आणि डबे खाली काढू लागली. एकेक उघडून कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसला. दोन मोठ्या थैल्या भरल्या.

"कुठे चाललीस?"

"डबे द्याले."

"रिकामे?"

"भरलेले दिसून राह्यले का तुमाले?"

मी हात पुढे केला. "थांब. साखर तरी घाल. चिमूटभर घाल."

"साखर शोभत नाई म्हटलं ना तुमीच."

"आता शोभते!"

भाऊ मान खाली घालून हसले. मी उठायला गेलो. पाय खाली टाकला असता, खरंच टाकला असता, पण भाऊंनी माझा खांदा दाबून धरला.

"लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. "आपलं एकच घर आहे इथे. आपल्या प्रभूचं नाव..."

ती दारात थांबली. थैल्या खाली ठेवल्या आणि वळली. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

"प्रभूचं नाव माह्या करंजीवर टांगून हाये का? मी थकली. सकाळी तुमचं, मंग अंगनवाडी, मंग पुन्हा तुमचं. यंदा मी थकली हे लोकायले कळू द्या ना. नाई त त्यायले वाटते ख्रिस्ती बाई थकतच नाई."

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. पडल्यापासून मी डबे पाहत होतो. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, टाचा फुटल्या होत्या, नाताळची नवी साडी चुकीच्या ब्लाउजवर नेसली होती. मी तोंड उघडलं.

"माफी नंतर," ती म्हणाली. "दार लोटून जातो."

पहिला डबा तिनं भाऊंच्याच हातात दिला. "हा तुमचा, भाऊजी. खालीच हाये."

भाऊंनी झाकण काढलं, आत पाहिलं, वास घेतला. मी डोळे मिटले.

"धुतला चांगला," भाऊ म्हणाले. "बरं झालं. आमच्या घरची कालपासून ह्याच डब्यासाठी बोंबलून राह्यली. दुसऱ्याचं झाकन बसत नाई."

एवढंच. इतके दिवस मी ज्याच्यासाठी झुरलो त्या डब्याचं झाकण त्यांना हवं होतं.

ती गेली. मी दाराकडे पाहत पडून राहिलो. प्रार्थना करायचं ठरवलं, पण काय मागावं ते सुचेना. भरपूर वेळ झाला. भाऊंनी मला पाणी दिलं. मी माफी न मागता प्यालो, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं, कारण त्यांनी भुवई उडवली.

मग गल्लीतून हसणं ऐकू आलं. बायकोचं हसणं. ती आत आली तेव्हा थैल्या गेल्या होत्या त्यापेक्षा जड दिसत होत्या. बहुतेक घरांनी डबे नुसते घेतले होते. एकीनं विचारलं, यंदा करंजी नाई का, बायकोनं थकले म्हणून सांगितलं, त्यावर ती बाई म्हणाली, मीही दिवाळीत थकली होती, तरी लोकलाजेनं केलं. दोघी तिथेच ओट्यावर बसून बोलल्या. पण काही घरांनी रिकामा डबा हातात येताच तिथल्या तिथे भरून परत दिला होता. आमच्याकडे नाताळचा फराळ गल्लीतून आला होता.

बायकोच्या मागून काकी आल्या, पदराखाली झाकलेलं ताट घेऊन. सुवाऱ्या आणि बडे, म्हणजे पोवारांच्या घरच्या सणाच्या पुऱ्या आणि वडे. आज त्यांच्या घरी सण नव्हता.

"काकी, हे कशाला..." मी सुरू केलं.

"खाली डबा घेऊन आली तुही बायको," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, चला, हे पोट्टे आता तरी घरच्यासारखे वागाले लागले. खा!"

त्यांनी ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर स्टुलावर बसल्या, न खाल्ल्यास हलणार नाही अशा. मला भूक होती. खरी, पोटातून आलेली भूक, कित्येक दिवसांनी. मी एक बडा तोडला, खाल्ला. दुसरा घेतला. अर्ध्यावर थांबायचं आठवलं नाही.

"कसा झाला?" काकींनी विचारलं.

पूर्वीचा मी म्हणालो असतो, फार सुंदर, काकी, मी याच्या लायक नाही, प्रभू तुमचं भलं करो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तोंड भरलेलं होतं, आणि मी खरं तेच बोललो.

"मीठ कमी आहे."

बायको थबकली. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस पुन्हा शिडीवर चढला. 

"कमी हाये त मांगून घे ना, बाबू," काकी म्हणाल्या. "तोंडात का दही हाये?"

त्या उठल्या, आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, कोणाला न विचारता मिठाची बरणी शोधून आणली आणि माझ्या ताटात मीठ घातलं. जरा जास्तच घातलं. मी ते सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं.